फोर्डचं ४२७ ‘कॅमर’ आणि अमेरिकेची इतर दुर्मिळ रेसिंग इंजिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कॅमर’ म्हणजे नेमकं कोणतं इंजिन?

फोर्डने १९६४ मध्ये जाहीर केलेलं ४२७ एसओएचसी (सिंगल ओव्हरहेड कॅम) व्ही-८. त्याचा पाया फोर्डच्या एफई या मोठ्या व्ही-८ घराण्यातला ४२७ साइड-ऑइलर ब्लॉक (ऑइलची मुख्य वाट बाजूने असलेला). त्या ब्लॉकच्या पोटातला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि पुशरॉड (कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांड्या) काढून प्रत्येक हेडवर एकेक कॅमशाफ्ट बसवला, आणि ज्वलनकक्ष अर्धगोल केला. हेड बिडाचीच राहिली, म्हणून वजन सुमारे ६८० पौंड, म्हणजे ३०८ किलो भरतं. हे इंजिन कारखान्यातून कुठल्याही विक्रीच्या गाडीत बसवून आलं नाही. फोर्डच्या पार्ट्स काउंटरवर मात्र ते विकत मिळत असे.

नाव ४२७, पण घनफळ खरंच ४२७ घन इंच आहे का?

नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.२३ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ३.७८ इंच धरून हिशेब केला की ४२५ च्या आसपास उत्तर येतं. त्या काळातल्या बहुतेक मोठ्या रेसिंग इंजिनांचे आकडे ४२५ ते ४२८ मध्ये घोटाळतात, कारण अमेरिकेतल्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेने १९६३ पासून ७ लिटरची, म्हणजे ४२८ घन इंचांची मर्यादा घातली होती. क्रायस्लर हेमीचा बोअर ४.२५ आणि स्ट्रोक ३.७५, शेव्हरोलेच्या ‘मिस्टरी मोटर’चा बोअर ४.३१२५ आणि स्ट्रोक ३.६५. तिन्ही कंपन्या एकाच भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. जास्त ताकद हवी तर घनफळ वाढवून चालणार नव्हतं. हवा जास्त भरायची आणि आरपीएम वाढवायचे, एवढेच दोन रस्ते उरले होते. या पानावरची बहुतेक इंजिनं त्या एका नियमातून जन्मली.

फोर्डने हे एवढ्या घाईत का केलं?

फेब्रुवारी १९६४ च्या डेटोना ५०० मध्ये क्रायस्लरचं नवं ४२६ हेमी उतरलं आणि पहिले तीन क्रमांक प्लिमथने नेले: रिचर्ड पेटी, जिमी पार्ड्यू, पॉल गोल्डस्मिथ. फोर्डला तातडीने उत्तर हवं होतं. पूर्ण नवा ब्लॉक ओतायला वेळ नव्हता, म्हणून आहे त्या ब्लॉकवर नवी हेड चढवली. सुमारे नव्वद दिवसांत इंजिन उभं केलं, म्हणून डेट्रॉइटमध्ये त्याला ‘नव्वद दिवसांचं नवल’ म्हणत. ही घाई इंजिनात एकाच ठिकाणी दिसते, ती म्हणजे चेनमध्ये. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पुशरॉड काढल्याने नेमका काय फायदा झाला?

दोन फायदे झाले. पहिला व्हॉल्व्ह ट्रेनचा. लिफ्टर आणि पुशरॉड गेले की स्प्रिंगला ढकलायचं वजन कमी होतं आणि मधली लवचीकताही जाते. पुशरॉड जास्त आरपीएमला धनुष्यासारखा वाकतो आणि व्हॉल्व्ह कॅमच्या आज्ञेबाहेर जातो. कॅमर ७,००० च्या वर निर्धास्त फिरतं ते यामुळे.

दुसरा फायदा पोर्टचा, आणि आमच्या मते तोच मोठा. एफईच्या साध्या हेडमध्ये इनटेक पोर्टला दोन पुशरॉडच्या मधून वाट काढावी लागते. पुशरॉडच नसले की पोर्ट सरळ आणि हवा तेवढा रुंद करता येतो. इनटेक व्हॉल्व्ह २.२५ इंचांचा आणि एक्झॉस्ट १.९० इंचांचा बसला तो अर्धगोल कक्षामुळे. बंदीनंतर फोर्डने याच अडचणीवर ‘टनेल पोर्ट’ हेड काढलं. त्यात पोर्ट सरळ ठेवून पुशरॉड चक्क पोर्टच्या मधोमध नळीतून नेला आहे. पोर्टची रुंदी फोर्डला किती महत्त्वाची वाटत होती ते यावरून कळतं.

ताकद किती?

एका चार-बॅरल कार्ब्युरेटरवर ६१६ अश्वशक्ती ७,००० आरपीएमला, आणि दोन चार-बॅरलवर ६५७ अश्वशक्ती ७,५०० आरपीएमला. हे फोर्डचे आकडे आहेत आणि कार्ब्युरेटर व पेट्रोलचे आहेत. नायट्रोमिथेन आणि सुपरचार्जर लावलेल्या ड्रॅगस्टरचे (पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या गाडीचे) आकडे यांच्या शेजारी ठेवून तुलना करू नका.

नॅसकारने बंदी का घातली?

ऑक्टोबर १९६४ मध्ये नॅसकारचे प्रमुख बिल फ्रान्स यांनी १९६५ च्या हंगामासाठी खास रेसिंगपुरती बनवलेली इंजिनं बाद केली. त्यात कॅमर गेलं आणि हेमीही गेलं. ‘स्टॉक कार’ म्हणवणाऱ्या शर्यतीत जे इंजिन ग्राहकाला गाडीत मिळत नाही ते चालणार नाही, हा मुद्दा. क्रायस्लरने निषेध म्हणून माघार घेतली आणि रिचर्ड पेटी यांनी त्या वर्षीचा मोठा काळ ड्रॅग रेसिंगमध्ये घालवला. पुढे क्रायस्लरने रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ‘स्ट्रीट हेमी’ काढलं आणि १९६६ साठी दार उघडून घेतलं.

फोर्डने मात्र कॅमर कुठल्याही गाडीत विकायला ठेवलं नाही. १९६६ मध्ये नॅसकारने ते चालेल असं म्हटलं, पण फक्त मोठ्या गॅलक्सी गाडीत आणि वजनाचा असा दंड लावून की गाडी ४,४०० पौंडांच्या घरात जावी. एवढ्या वजनाखाली टायर टिकले नसते. फोर्डचे प्रमुख हेन्री फोर्ड दुसरे यांनी एप्रिलमध्ये अंग काढून घेतलं. ‘कॅमर अपयशी ठरलं’ असं जे सरसकट लिहिलं जातं ते चूक आहे. ज्या शर्यतीसाठी ते घडवलं, तिथे त्याला धावूच दिलं नाही.

मग ते धावलं कुठे?

ड्रॅग स्ट्रिपवर, आणि जोरात धावलं. १९६५ च्या ए/एफएक्स वर्गातल्या मस्टँग, १९६६ च्या फ्लिप-टॉप बॉडीच्या मर्क्युरी कॉमेट, कॉनी कालिटा आणि पीट रॉबिन्सन यांचे टॉप फ्युएल ड्रॅगस्टर, मिकी थॉम्प्सन यांची १९६९ ची मस्टँग फनी कार. पाव मैलाच्या शर्यतीत एकाच दमात सगळी ताकद लागते आणि कॅमरचं रुंद पोर्टचं हेड तिथे शोभून दिसलं.

चेनचा एवढा गवगवा आहे, नेमकी अडचण काय?

आधी रचना समजून घ्या. क्रँकवरून एक आखूड चेन ब्लॉकमधल्या जुन्या कॅमशाफ्टच्या जागी बसवलेल्या छोट्या शाफ्टला फिरवते. हा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो आणि डिस्ट्रिब्युटर व ऑइल पंप चालवतो. त्याच शाफ्टवरून दुसरी, सुमारे सहा फुटांची चेन निघते आणि दोन्ही हेडवरच्या कॅमना वळसा घालून परत येते.

एवढी लांब चेन ताणाखाली लांबते, आणि पिन-बुश झिजले की कायमची सैल पडते. ओढीच्या बाजूने मोजलं तर एक कॅम शाफ्टच्या जवळ आहे आणि दुसरा लांब. लांबच्या कॅमपर्यंत चेनच्या जास्त कड्या ओढल्या जातात, त्यामुळे सैलपणाचा जास्त वाटा त्याच्या पदरी पडतो. परिणाम असा की एका बाजूचे चार सिलिंडर एका टायमिंगवर चालतात आणि दुसऱ्या बाजूचे चार मागे पडलेल्या टायमिंगवर. जुने ट्यूनर दोन्ही कॅममध्ये ४ ते ८ अंशांचा फरक मुद्दाम ठेवत, म्हणजे वेगात चेन ताणली गेली की दोन्ही बाजू जुळतील.

पीट रॉबिन्सन यांनी चेन काढून गिअरची माळ बसवली. ड्रॅगस्टरसाठी तो उत्तम उपाय. पण गिअर आवाज करतात, क्रँकची कंपनं थेट कॅमपर्यंत पोचवतात, आणि सेंटरचं अंतर अचूक नसेल तर दात खातात. नुसतं प्रदर्शनात किंवा अधूनमधून चालवायचं इंजिन असेल तर चांगली नवी चेन, नवे गाइड आणि नीट चालणारा टेन्शनर एवढं पुरतं.

दोन्ही कॅमचं टायमिंग कसं तपासायचं?

दोन्ही बाजू स्वतंत्र इंजिन आहेत असं समजूनच. एक बाजू लावून दुसरी ‘आपोआप जुळेल’ म्हणणं इथे चालत नाही.

फोर्डमध्ये १ ते ४ नंबरचे सिलिंडर उजवीकडे, म्हणजे अमेरिकन गाडीत प्रवाशाच्या बाजूला, आणि ५ ते ८ डावीकडे असतात. उजव्या बाजूसाठी १ नंबर घ्या आणि डाव्या बाजूसाठी ५ नंबर.

क्रँकच्या नाकावर डिग्री प्लेट घट्ट बसवा, जितकी मोठी तितकी बरी. प्लगच्या भोकातून पिस्टन-स्टॉप घाला, क्रँक हाताने एका दिशेने स्टॉपला टेकेपर्यंत फिरवा आणि आकडा लिहा. मग उलट दिशेने टेकवा आणि दुसरा आकडा लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू. पुलीवरच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, रबर असलेल्या डँपरची बाहेरची रिंग सरकलेली असू शकते.

मग इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर डायल गेज लावा, टोक व्हॉल्व्हच्या दांड्याला समांतर ठेवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंत क्रँक फिरवा आणि डायल शून्यावर आणा. पूर्ण लिफ्टच्या ५० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आधीचा आणि ५० थाउ नंतरचा अंश नोंदवा. समजा ८० आणि १३६ आले, तर इनटेकची मध्यरेषा १०८ अंशांवर आहे. हा आकडा कॅमच्या कार्डाशी ताडून बघा. ५ नंबरकडे गेल्यावर टीडीसी नव्याने शोधा, १ नंबरची प्लेट तशीच वापरली तर ९० अंशांचा घोळ होतो.

यात सगळ्यात जास्त बिघडतं ते एका गोष्टीमुळे: कॅमचे आकडे घेताना क्रँक मागे फिरवणं. समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने, म्हणजे इंजिन ज्या दिशेने चालतं तिकडेच फिरवायचं. आकडा ओलांडला तर पाव फेरा मागे जा आणि परत पुढून या. नाहीतर चेनचा सगळा सैलपणा उलट बाजूला जातो आणि मोजमाप अनेक अंशांनी खोटं येतं. प्लगही सगळे काढून ठेवा, कॉम्प्रेशन असलं की क्रँक झटक्याने उडी मारतो.

हे सगळं थंड आणि थांबलेल्या इंजिनावरचं मोजमाप आहे. वेगातला फरक किती धरायचा ते चेन नवी आहे की जुनी आणि स्प्रिंग किती कडक आहेत यावर ठरतं. नव्या चेनवर सुरुवातीला कमी फरक ठेवा आणि काही तास चालवून पुन्हा मोजा.

व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याची भीती कितपत खरी?

अगदी खरी. अर्धगोल कक्षात कॉम्प्रेशन मिळवायला पिस्टनच्या माथ्यावर मोठा घुमट लागतो आणि व्हॉल्व्हसाठी त्यात खाचा कोरलेल्या असतात. चेन सैल पडून कॅम मागे पडला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आणि त्याच वेळी पिस्टन वर येत असतो. म्हणून कॅमरमध्ये आधी एक्झॉस्टची जागा कमी होते. उलट कॅम जास्त पुढे नेला तर इनटेकची.

तपासायला व्हॉल्व्हची मूळ स्प्रिंग काढून हलकी स्प्रिंग लावा. टीडीसीच्या आधीच्या १५ ते ५ अंशांत दर दोन-तीन अंशांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हाताने दाबून पिस्टनला टेकवा आणि डायलवर अंतर वाचा. टीडीसीनंतर तेच इनटेकसाठी. इनटेकला किमान ८० थाउ, म्हणजे २ मिलिमीटर, आणि एक्झॉस्टला १०० थाउ, म्हणजे अडीच मिलिमीटर, असा सर्वसाधारण दंडक आहे. कॅमरसाठी आमचा आग्रह असा की कॅम ८ अंश मागे ठेवून हीच तपासणी पुन्हा करावी. तेव्हाही एक्झॉस्टची जागा सुरक्षित राहिली पाहिजे. आज बरोबर आलेला आकडा सैल चेनवर बरोबर राहत नाही.

ऑइलच्या बाबतीत काय सांभाळायचं?

साइड-ऑइलर ब्लॉकमध्ये मुख्य ऑइल गॅलरी ब्लॉकच्या डाव्या अंगाने खालून जाते आणि ऑइल आधी मेन बेअरिंगना मिळतं, बाकीच्यांना नंतर. क्रँकसाठी ही व्यवस्था चांगली. पण कॅमरसाठी दोन गोष्टी बघाव्या लागतात.

एक, ब्लॉकमधला पूर्ण लांबीचा कॅमशाफ्ट गेल्यामुळे मागच्या कॅम-बेअरिंगना जाणारं ऑइल बंद करावं लागतं. ती भोकं उघडी राहिली तर ऑइल तिथून वाहून जातं आणि प्रेशर पडतं. नेहमीचा पुशरॉड ब्लॉक कॅमरमध्ये बदलताना हीच चूक सगळ्यात जास्त होते.

दोन, ऑइलचा परतीचा रस्ता. दोन्ही हेडवर कॅम आणि रॉकर असल्याने वर बरंच ऑइल साचतं. ते खाली यायला वेळ लागला तर संपमधली पातळी उतरते आणि पंप हवा ओढतो. परतीची भोकं गाळाने किंवा गॅसकेट-सीलंटने अर्धी बुजलेली सापडतात. असेंब्लीच्या आधी सगळी भोकं तारेने आणि ब्रशने साफ करा, आणि सीलंट बेतानेच लावा. संपही मोठ्या मापाचा घ्या.

समोर आलेला ब्लॉक खरा ४२७ आहे हे कसं ओळखायचं?

आधी बोअर मोजा. ४२७ चा मूळ बोअर ४.२३ इंच, ४२८ चा ४.१३, ३९० चा ४.०५. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

मग ब्लॉकच्या स्कर्टवर बघा. एफईचा स्कर्ट क्रँकच्या मध्यरेषेच्या खाली उतरतो आणि ४२७ मध्ये मधल्या तीन मेन कॅपना बाजूने आडवे बोल्ट असतात. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, नंतरच्या ४०६ लाही आडवे बोल्ट आहेत. साइड-ऑइलर असेल तर डाव्या अंगाला खालच्या बाजूने गॅलरीचा लांबट फुगवटा आणि त्यावरचे प्लग दिसतात.

कास्टिंग नंबर वाचताना फोर्डची पद्धत लक्षात ठेवा. पहिलं अक्षर ‘सी’ म्हणजे १९६० चं दशक, पुढचा अंक म्हणजे त्या दशकातलं वर्ष, ‘ए’ म्हणजे मोठी गाडी, ‘ई’ म्हणजे इंजिन. ‘सी ५ ए ई’ म्हणजे १९६५ सालचं डिझाइन. हे डिझाइनचं साल आहे, ओतल्याची तारीख नव्हे. तारीख वेगळी ओतलेली असते: वर्षाचा अंक, महिन्याचं अक्षर, दिवस. ‘५ सी १२’ म्हणजे १२ मार्च १९६५. महिन्यांच्या अक्षरांत ‘आय’ वगळलेलं असतं, म्हणून सप्टेंबरला ‘जे’ येतं.

कॅमरची हेड, ब्लॉक, पुढचं कव्हर असे बरेच भाग आज नव्याने बनतात आणि कामाला चांगले आहेत. तक्रार फक्त ते ‘मूळचे’ म्हणून विकण्याबद्दल आहे. तारखेची खूण नसलेला, किंवा खूण घासून पुन्हा ठोकलेला भाग मूळच्या किमतीला घेऊ नका. पुढचं कव्हर, रॉकरचे शाफ्ट आणि कॅमचे स्प्रॉकेट हे छोटे भागच शोधायला सगळ्यात अवघड जातात, त्यामुळे ‘फक्त ब्लॉक आणि हेड आहेत, बाकी मिळून जाईल’ या सौद्यापासून सावध राहा.

बोअर किती वाढवता येतो?

फार थोडा. ४२७ मध्ये मुळातच बोअर ब्लॉकच्या परवानगीच्या टोकाला नेलेला आहे. १५ थाउपर्यंत बहुतेक वेळा जमतं, ३० थाउ ही शेवटची हद्द समजा, आणि तीही अल्ट्रासॉनिकने भिंत मोजल्यावरच. ज्या बाजूवर पिस्टनचा दाब येतो तिथे निदान १०० थाउ भिंत शिल्लक हवी असं बहुतेक बिल्डर मानतात.

जाडी सगळीकडे सारखी नसण्याचं कारण कोअर शिफ्ट. साच्यातला वाळूचा कोअर ओतताना किंचित सरकला की एका बाजूची भिंत जाड आणि समोरची पातळ होते. कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्र्यांत काम केलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडर चार दिशांना आणि तीन उंचींवर मोजा. पातळ निघालेल्या एखाद्या सिलिंडरला स्लीव्ह घालणं हे पूर्ण ब्लॉक बोअर करण्यापेक्षा शहाणपणाचं.

आडव्या बोल्टांबद्दल काही विशेष?

मेन कॅप आणि स्कर्ट यांच्या मध्ये छोटे स्पेसर असतात आणि ते जागेनुसार निवडून बसवलेले असतात. उघडताना प्रत्येकावर खूण करा. अदलाबदल झाली तर आडवा बोल्ट आवळताना कॅप एका बाजूला ओढली जाते, मेन बोअर अंडाकृती होतो आणि बेअरिंग कडेने घासतं. आधी उभे मेन बोल्ट टप्प्याटप्प्याने ९५ ते १०५ फूट-पौंडांपर्यंत आणा, मग आडवे आवळा. मेन बोअर मोजायचा तो दोन्ही आवळून झाल्यावर. स्टड वापरणार असाल तर टॉर्क स्टडच्या कंपनीचा घ्या, आणि त्यानंतर लाइन-होनिंग (सगळे मेन बोअर एका रेषेत घासून जुळवणं) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेव्हरोलेची ‘मिस्टरी मोटर’ काय होती?

१९६३ च्या डेटोना ५०० मध्ये उतरलेलं ४२७, कंपनीतलं नाव मार्क २. शेव्हरोलेचे इंजिनिअर डिक काइनाथ यांनी त्याच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह तिरके बसवले, प्रत्येक वेगळ्या कोनात. वरून बघितलं की दांड्या साळिंदराच्या काट्यांसारख्या दिसतात, म्हणून ‘पॉर्क्युपाइन’ हेड. तिरक्या व्हॉल्व्हचा फायदा असा की उघडताना तो सिलिंडरच्या भिंतीपासून दूर सरकतो आणि हवेला सगळ्या बाजूंनी वाट मिळते. हे सगळं पुशरॉड ठेवूनच साधलं, आणि आमच्या दृष्टीने या काळातली ती सगळ्यात हुशार युक्ती आहे.

डेटोनाच्या दोन पात्रता शर्यती ज्युनिअर जॉन्सन आणि नवखे जॉनी रदरफोर्ड यांनी याच इंजिनावर जिंकल्या. मुख्य शर्यतीत मात्र इंजिनं टिकली नाहीत आणि फोर्डने पहिले पाच क्रमांक घेतले. त्याआधीच जानेवारीत जनरल मोटर्सने रेसिंगमधून माघार जाहीर केली होती, त्यामुळे सुटे भाग आणि मदत दोन्ही आटले. कल्पना मात्र वाया गेली नाही. १९६५ मध्ये ती मार्क ४ म्हणून ३९६ घन इंचांत विक्रीच्या गाड्यांत आली आणि पुढे ‘बिग ब्लॉक शेव्ही’ म्हणून दशकानुदशकं चालली.

क्रायस्लरचं ए-९२५ कधी धावलं का?

नाही. कॅमरला उत्तर म्हणून हेमीच्या ब्लॉकवर प्रत्येक हेडला दोन कॅम, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि कॅम फिरवायला दातेरी पट्टा, अशी ती योजना होती. १९६४ च्या बंदीने ती तिथेच थांबली. पट्ट्याची निवड लक्षात घेण्यासारखी आहे: लांब चेनच्या ताणाची अडचण क्रायस्लरच्या माणसांनी आधीच टाळली होती.

बॉस ४२९ यात मोडतं का?

ते विक्रीला आलं, म्हणून प्रायोगिक म्हणता येणार नाही. पण त्याच झगड्याचं ते अपत्य आहे. बंदीतून धडा घेऊन फोर्डने या वेळी इंजिन आधी गाडीत घातलं. मिशिगनमधल्या ब्रायटन इथे कार क्राफ्टच्या कारखान्यात १९६९ आणि १९७० मध्ये तेराशेच्या वर मस्टँगमध्ये ते बसवलं गेलं, आणि नॅसकारची पाचशे गाड्यांची अट पूर्ण झाली. शर्यतीत ते टोरिनो टॅलाडेगामध्ये धावलं.

बिल्डरने लक्षात ठेवायची बाब म्हणजे याला नेहमीचं हेड गॅसकेट नाही. सिलिंडरभोवती धातूची रिंग आणि पाणी-ऑइलच्या प्रत्येक भोकाला वेगळी ओ-रिंग. हेड खाली ठेवताना एखादी रिंग खाचेतून निसटली की ऑइलमध्ये पाणी येतं आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. रिंग थोड्या ग्रीसने खाचेत धरून ठेवा आणि हेड दोघांनी, डॉवेलवर सरळ उतरवा, सरकवू नका. हेड फेस करून घेतलं असेल तर खाचांची खोली कमी होते, ती मूळ मापाला पुन्हा कापून घ्यावी लागते. नाहीतर रिंगवर हेड तरंगतं आणि बोल्टचा टॉर्क खोटा येतो.

शेव्हरोलेचं झेडएल-१?

कॅन-अॅम या अमेरिका-कॅनडातल्या शर्यतींच्या मालिकेतून उतरलेलं अॅल्युमिनियमचं ४२७. १९६९ मध्ये ६९ कमॅरो गाड्यांत बसलं, आणि इंजिनाची किंमतच ४,१६० डॉलर लावल्याने त्या गाड्या शोरूममध्ये पडून राहिल्या. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि आत लोखंडी स्लीव्ह. तापल्यावर ब्लॉक आणि हेड जास्त फुगतात, म्हणून टॅपेटचं अंतर गरम इंजिनात वाढतं. बिडाच्या इंजिनाचा थंड आकडा इथे वापरू नका, थंडपणी कमी अंतर ठेवावं लागतं. शेव्हरोलेने ४३० अश्वशक्ती जाहीर केली होती, खरी ताकद त्याहून बरीच जास्त.

पॉन्टिअॅक आणि ओल्ड्समोबिल?

पॉन्टिअॅकने १९६० च्या दशकात ४२१ वर ओव्हरहेड कॅमचे प्रयोग केले, आणि ट्रान्स-अॅम या शर्यतींच्या मालिकेतल्या ३०५ घन इंचांच्या मर्यादेसाठी ३०३ चं ‘रॅम एअर ५’ टनेल पोर्ट हेडसह बनवलं. ओल्ड्समोबिलचं डब्ल्यू-४३ हे ४५५ वर आधारलेलं, पुशरॉड ठेवूनही प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह देणारं इंजिन होतं. त्याचाच ओव्हरहेड कॅमचा अॅल्युमिनियम भाऊ कॅन-अॅमसाठी होता. दोन्ही प्रयोगशाळेतच राहिले. अमेरिकेने १९७० च्या सुमाराला चार व्हॉल्व्हचं मोठं व्ही-८ विक्रीला आणलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न या इंजिनाकडे बघताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

या काळातलं काही प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

मिशिगनमध्ये राहणाऱ्या किंवा कामानिमित्त डेट्रॉइटला जाणाऱ्या मराठी इंजिनिअरांनी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियमसाठी एक दिवस राखून ठेवावा. तिथे १९६५ ची इंडियानापोलिस ५०० जिंकणारी जिम क्लार्क यांची लोटस-फोर्ड आहे. तिच्या मागे फोर्डचं २५५ घन इंचांचं चार कॅमचं व्ही-८ उघडं दिसतं: इंधनाच्या नळ्या कॅमच्या मध्ये आणि एक्झॉस्टच्या नळ्यांचा गुंता थेट दोन्ही हेडच्या मधल्या खोबणीत. फ्लोरिडात ओकाला इथलं डॉन गार्लिट्स यांचं ड्रॅग रेसिंग म्युझियम ड्रॅगस्टरसाठी बघावं.

बरीच वर्षं पडून असलेलं किंवा नुकतं बांधलेलं कॅमर पहिल्यांदा चालू करताना काय करावं?

आधी ऑइल वर चढवा. डिस्ट्रिब्युटर काढा, त्याच्या भोकातून पंपाचा पाव इंचाचा षटकोनी शाफ्ट ड्रिलने फिरवा. एफईमध्ये ड्रिल उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवावं लागतं. प्रेशर आलं की ड्रिल जड होतं. तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या माणसाने क्रँक हाताने पाव-पाव फेरा फिरवत राहावं आणि दोन्ही हेडची कव्हरं उघडी ठेवून प्रत्येक रॉकरपर्यंत ऑइल पोचल्याचं डोळ्यांनी बघावं. एकीकडे ऑइल आलं आणि दुसरीकडे नाही, तर इंजिन चालू करू नका, त्या बाजूचा रस्ता कुठेतरी बंद आहे.

फ्लॅट टॅपेटच्या इंजिनाला पहिली वीस मिनिटं २,००० आरपीएमवर चालवून कॅम बसवून घ्यावा लागतो. कॅमरच्या फॉलोअरना रोलर असल्याने त्याची गरज नाही. दहा मिनिटं मध्यम वेगात चालवा, ऑइल प्रेशर आणि पाण्याच्या तापमानावर नजर ठेवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. मग फिल्टर कापून उघडा आणि घडीत धातूचा चुरा आहे का बघा. टॅपेट पुन्हा मोजा, आणि पुढचं कव्हर बंद करण्याआधी चेनचा सैलपणा टेन्शनरजवळ मोजून वहीत लिहून ठेवला असेल तर पुढच्या तपासणीत चेन किती वाढली ते लगेच कळतं.